वीज, सांधे आणि लाकडाच्या कांड्या

सेबेनिकोचे बिशप डोनाडोनी पंचाहत्तरीचे होते आणि गाउट या सांध्यांच्या आजाराने त्यांचे हातपाय जखडून टाकले होते. बोटे हलेनात, गुडघे वाकेनात. सेबेनिको म्हणजे आजच्या क्रोएशियातले शिबेनिक. तेव्हा तिथे व्हेनिसचा अंमल होता. १७४७ च्या सुमारास व्हेनिसमधले कायदेपंडित जोव्हान्नी फ्रान्चेस्को पिवाती यांनी या बिशपांवर एक नवा उपाय करून पाहिला. काचेची नळी घ्यायची, तिच्यात औषध भरायचे, तोंड घट्ट बंद करायचे आणि नळी घासून तिच्यावर वीज आणायची. मग ती वीज रुग्णाच्या अंगात सोडायची. औषध काचेच्या आतच राहते, पण त्याचा गुण विजेवर स्वार होऊन शरीरात शिरतो, असा पिवातींचा दावा होता. त्यांच्या वृत्तांतानुसार दोनच मिनिटांत बिशपांनी मुठी मिटल्या-उघडल्या, सेवकाचा हात घट्ट दाबून पाहिला, ते उठले, चालले, स्वतःच खुर्ची घेऊन बसले आणि शेवटी कुणाच्याही आधाराशिवाय जिना उतरून गेले.

ही हकिकत युरोपभर पसरली. फ्रान्समधले त्या काळचे आघाडीचे वीजसंशोधक आबे नोले यांनी पॅरिसमध्ये तसे प्रयोग करून पाहिले, पण काहीच साधेना. तेव्हा १७४९ मध्ये ते आल्प्स ओलांडून स्वतः इटलीत गेले. ज्यांनी ज्यांनी असे दावे केले होते त्यांना गाठून ‘माझ्यासमोर करून दाखवा’ म्हणाले. बंद नळीतल्या औषधाचा वाससुद्धा काचेबाहेर येईना. बरे झाल्याचे सांगितलेल्या रुग्णांचा माग काढला, तर टिकाऊ गुण आलेला माणूस सापडणे मुश्कील झाले.

पिवाती खोटे बोलत होते असे म्हणून हा विषय मिटवता येतो, पण मला ते पटत नाही. त्या दिवशी बिशप खरोखर चालले असण्याची शक्यता चांगलीच आहे. सांधेदुखी हे दुखणेच असे आहे की त्यावर केलेला कुठलाही उपाय काही काळ लागू पडल्यासारखा वाटतो. गाउटचा झटका औषध न घेताही बहुधा एकदोन आठवड्यांत ओसरतो. गुडघ्यांची झीज कायमची असली तरी वेदना रोज सारखी नसते. एखादा महिना पाय खाली टेकवत नाही, पुढचा बरा जातो. आणि माणूस वैद्याचे दार ठोठावतो ते दुखणे शिगेला पोहोचल्यावर. शिगेला पोहोचलेले दुखणे पुढे बहुतेक वेळा उतरणीलाच लागते. त्या उतरणीवर हातात जे असेल, मग ती मुळी असो, ताईत असो की विजेचे यंत्र, त्याला श्रेय मिळते. विजेने सांधे बरे करण्याच्या साऱ्या प्रयत्नांकडे पाहताना हे लक्षात ठेवावे लागते. करंटने काय झाले आणि करंट न देताही काय झाले असते, या दोन गोष्टी वेगळ्या करायला वैद्यकाला फार वेळ लागला. ती वाट ठळकपणे दाखवून दिली ती सांधेदुखीच्याच पाच रुग्णांनी, हे मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते.

वीज म्हणजे काय हे कुणाला ठाऊकही नव्हते तेव्हापासून सांध्यांवर विजेचा उपचार होत होता. स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य सम्राट क्लॉडियसच्या काळातला. इसवी सन ४७ च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या औषधसंग्रहात गाउटवरचा एक उपाय आहे. झटका सुरू झाला की समुद्रकिनारी ओल्या वाळूवर, लाटा येतात अशा जागी उभे राहायचे आणि जिवंत काळा टॉर्पेडो मासा पायाखाली घ्यायचा. पाऊल आणि गुडघ्यापर्यंतचा पाय बधिर होईपर्यंत तसेच थांबायचे. सम्राट टायबेरियसच्या सेवेतला अँटेरोस नावाचा एक मुक्त गुलाम या उपायाने बरा झाला, असेही तो नोंदवतो.

टॉर्पेडो हा आपल्याकडच्या पाकटासारखा चपटा मासा. त्याचे नातलग अरबी समुद्रातही आहेत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्याची विजेची इंद्रिये असतात. मूळ स्नायूंपासूनच बनलेल्या चपट्या पेशींच्या थप्प्याच्या थप्प्या. एकेका पेशीतून निघणारा दाब अगदी क्षुल्लक, पण शेकडो पेशी एकावर एक रचल्यामुळे बेरीज पन्नासेक व्होल्टपर्यंत किंवा त्याच्याही वर जाते. धक्का एकच नसतो, लागोपाठ बारीक झटक्यांची माळ असते. ओली वाळू आणि खारे पाणी यांतून वीज सहज वाहते, म्हणून स्क्रिबोनियसने सांगितलेली जागा अगदी योग्य होती, मग ती त्याला अनुभवाने सापडलेली असो की आणखी कशाने. पुढे गेलेन या वैद्यानेही हा मासा डोकेदुखीवर वापरून पाहिला आणि मेलेला मासा काही करत नाही, जिवंतच हवा, असे नोंदवले. या माशाचा धक्का म्हणजे वीजच आहे हे मात्र १७७२ मध्ये इंग्रज संशोधक जॉन वॉल्श यांनी फ्रान्सच्या ला रोशेल किनाऱ्यावर प्रयोग करून दाखवले. म्हणजे उपाय आधी आणि त्याचे कारण सतराशे वर्षांनी.

स्क्रिबोनियसच्या कृतीत मला एक प्रामाणिकपणा दिसतो. तो काय सांगतो, तर पाय बधिर होईपर्यंत थांबा. बधिरपणा खरा होता, कुणालाही पडताळता येण्यासारखा होता. वेदना दबते, हे निरीक्षण बरोबर होते. सांधा बरा होतो, हा पुढचा निष्कर्ष तेवढा डळमळीत.

माशाशिवाय वीज साठवता येऊ लागली ती १७४५-४६ मध्ये. पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडन इथे मुशेनब्रुक, दोघांनाही स्वतंत्रपणे ती काचेची बरणी सापडली, जिला आपण लेडन जार म्हणतो. काचेचा गोळा किंवा नळकांडे हँडलने फिरवायचे, त्याला चामड्याची गादी घासत ठेवायची, जमणारी वीज बरणीत भरायची. रुग्णावर ती तीन तऱ्हांनी वापरली जाई. काचेच्या पायांच्या स्टुलावर बसवून त्याला नुसतेच विजेने भारून ठेवायचे, ही झाली सौम्य तऱ्हा; याला विजेचे स्नान म्हणत. भारलेल्या माणसाच्या दुखऱ्या सांध्याजवळ धातूचा गोळा नेऊन ठिणग्या काढायच्या, ही दुसरी. आणि बरणीचा साठा एकदम सांध्यातून सोडायचा, म्हणजे धक्का, ही तिसरी. धक्क्याची मात्रा ठरवायचे साधनही लवकरच आले: लंडनच्या टिमथी लेन यांनी १७६७ मध्ये दोन धातूच्या गोळ्यांमधले अंतर कमीजास्त करून धक्का लहानमोठा करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलने विजेचे यंत्र घेतले.

त्या वेळी सांधे धरलेल्या माणसापुढे दुसरे होते तरी काय? रक्त काढणे, जळवा लावणे, कातडीवर फोड आणणारे लेप, अफू, गरम झऱ्यांची स्नाने. विलोच्या सालीतल्या द्रव्यापासून निघालेली औषधे रुग्णालयांत रुळायला आणखी शंभर वर्षे होती. ॲस्पिरिन बाजारात आले १८९९ मध्ये. गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते हे आल्फ्रेड गॅरड यांनी दाखवले १८४८ मध्ये. तोवर गाउट, आमवात, झीज, सायटिका यांच्या सीमारेषा धूसर होत्या आणि ‘ऱ्हुमॅटिझम’ या एका नावाखाली बरेच काही कोंबले जाई. अशा वेळी जे न कापता, न रक्त सांडता सांध्याच्या आतपर्यंत पोहोचते, त्याच्याकडे लोक आशेने पाहणारच.

त्या आशेचा सर्वांत सच्चा प्रचारक म्हणजे मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली. गरिबांना डॉक्टरची फी परवडत नाही, ही त्यांची खरी कळकळ होती. १७५६ मध्ये त्यांनी यंत्र मिळवले, आठवड्यातले काही तास ठरवून लंडनमधल्या आजाऱ्यांना विजेचा उपचार द्यायला सुरुवात केली. गर्दी वाढली तशी रोज वेळ ठेवली आणि पुढे शहरात आणखी ठिकाणी यंत्रे बसवली. १७६० मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. त्यात गाउट, सायटिका आणि ऱ्हुमॅटिझमच्या रुग्णांच्या हकिकती आहेत. धक्के लहान द्यावेत, मोठ्या धक्क्यांनी अपाय होतो, हा त्यांचा सल्ला त्या काळात फार शहाणपणाचा होता. त्यांचे यंत्र लंडनमधल्या त्यांच्या घरात आजही जपलेले आहे. वेस्लींच्या नोंदी वाचताना त्यांच्या करुणेबद्दल शंका येत नाही, पण एक गोष्ट खटकते. ज्यांना गुण आला त्यांच्या कथा आहेत. जे एकदा येऊन परत फिरकले नाहीत त्यांचे काय झाले, याचा हिशेब नाही.

तो हिशेब मनात ठेवणारा माणूस अटलांटिकच्या पलीकडे होता. पक्षाघाताने लुळे पडलेले लोक पेनसिल्व्हेनियातून दूरदूरहून बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे येत आणि ते त्यांच्या निकामी हातापायांना लेडन जारचे जोरदार धक्के देत. २१ डिसेंबर १७५७ च्या पत्रात त्यांनी जॉन प्रिंगल या डॉक्टरांना कळवले, की सुरुवातीला उब आणि हालचाल वाढते, साधारण पाचव्या दिवसापर्यंत सुधारणा दिसते, मग ती थांबते आणि हिरमुसलेले रुग्ण घरी जाऊन पूर्ववत होतात. ती सुरुवातीची सुधारणा तरी विजेची होती का, अशीही शंका त्यांनी काढली. प्रवासाचा व्यायाम घडला, बरे होण्याची उमेद आली, त्या जोरावर माणसाने हातपाय हलवायचा प्रयत्न केला, असेही असू शकेल. विजेवर ज्याचे नाव उभ्या जगात झाले होते त्याने विजेविरुद्ध अशी साक्ष द्यावी, याला मी फार मान देतो. पुढे फ्रँकलिनना स्वतःलाच गाउटने छळले.

आता येतो त्या पाच रुग्णांकडे.

अमेरिकेतल्या कनेटिकटचे डॉक्टर एलिशा पर्किन्स यांनी १७९६ मध्ये एका उपकरणाचे पेटंट घेतले. उपकरण म्हणजे धातूच्या दोन कांड्या, प्रत्येकी साधारण तीन इंचांच्या, एका टोकाला अणकुचीदार. एक पिवळसर, दुसरी रुपेरी. खास मिश्रधातूंच्या आहेत असे ते सांगत. दुखऱ्या जागेवरून या कांड्या हलकेच ओढत न्यायच्या, बस्स. पाचच वर्षांपूर्वी इटलीत गॅल्व्हानींनी बेडकाच्या पायाला दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श होताच तो झटकतो हे दाखवले होते. दोन धातू आणि प्राण्याच्या अंगातली वीज यांचा काही संबंध आहे, हे सुशिक्षितांच्या कानावर आले होते. पर्किन्सच्या कांड्यांना ते स्पष्टीकरण आयतेच मिळाले: वेदना म्हणजे शरीरात साचलेले विजेचे द्रव्य आणि कांड्या ते ओढून बाहेर काढतात. स्थानिक वैद्यकसंस्थेने पर्किन्सना सदस्यत्वातून काढले, पण खप काही थांबला नाही. मुलगा बेंजामिन कांड्या घेऊन लंडनला गेला आणि तिथे जोडीची किंमत पाच गिनी ठेवली. सामान्य मजुराच्या कित्येक आठवड्यांच्या कमाईएवढी ही रक्कम.

बाथ हे इंग्लंडमधले गरम झऱ्यांचे गाव. सांधे धरलेली माणसे देशभरातून तिथे येत, आणि गरिबांसाठी तिथे खास रुग्णालय होते. जॉन हेगार्थ हे नामांकित डॉक्टर चेस्टरची प्रॅक्टिस सोडून नुकतेच बाथला स्थायिक झाले होते. देवीची साथ आणि तापाचे वेगळे वॉर्ड यांवर त्यांनी मोठे काम केले होते. पर्किन्सच्या कांड्यांचा गवगवा बाथमध्ये ऐकल्यावर त्यांनी रुग्णालयातले डॉक्टर फॉकनर यांना एक कल्पना सुचवली: हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण लाकडाच्या कांड्या करून रंगवायच्या.

७ जानेवारी १७९९ या दिवशी पाच रुग्णांवर लाकडाच्या कांड्या फिरवल्या गेल्या. घोटा, गुडघा, मनगट, खुबा असे त्यांचे जुने दुखणे होते. एकाला गाउट होता. बाकीच्यांचे सांधे सुजलेले होते आणि ते कित्येक महिने आजारी होते. पाचांपैकी चौघांनी लगेच सांगितले की वेदना कमी झाली. एकाचा गुडघा उबदार झाला आणि तो पूर्वीपेक्षा बरा चालू लागला; त्याने ते चालून दाखवले. एकाला नऊ तास बरे वाटले, अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा कळ परतली. एकाच्या अंगात दोन तास मुंग्या येत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्याच पाच जणांवर खऱ्या धातूच्या कांड्या फिरवल्या. निकाल तसाच लागला.

पाच ही संख्या लहान आहे, आणि आधी लाकूड मग धातू असा क्रम ठेवल्यामुळे आजच्या कसोटीवर हा प्रयोग उणाच ठरेल. तरीही त्याची ताकद पाहा. लाकडातून वीज वाहत नाही. लाकडाने गुण येतो आणि धातूने तेवढाच गुण येतो, तर धातूच्या विजेची सगळी उपपत्ती एका दिवसात कोसळते. ब्रिस्टलमध्ये रिचर्ड स्मिथ या शल्यचिकित्सकांनी हाच प्रयोग पुढे नेला; लाखेने मढवलेले खिळे, हाडाचे तुकडे, पाटीवरची पेन्सिल, तंबाखूच्या चिलमीचे तुकडे असले काहीबाही वापरूनही माणसे वेदना गेल्याचे सांगत होती. हेगार्थ यांनी १८०० मध्ये हे सारे एका छोट्या पुस्तकात मांडले आणि त्याच्या नावातच ‘कल्पनाशक्ती’ हे आजाराचे कारणही आणि उपायही, असे म्हटले. त्यांनी रुग्णांना खोटारडे ठरवले नाही. त्या माणसाचा गुडघा त्याला खरेच उबदार लागला होता, तो खरेच बरा चालला होता. मनाचा शरीरावर एवढा अंमल चालतो हे आपल्याला माहीत नव्हते, आता कळले, असा त्यांचा सूर आहे. आज कित्येक नव्या औषधांची तुलना खोट्या गोळीशी करूनच त्यांना परवानगी मिळते. त्या पद्धतीच्या पहिल्या ठळक उदाहरणांत बाथच्या या लाकडी कांड्या येतात. एलिशा पर्किन्स स्वतः ते पाहायला राहिले नाहीत. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असताना ते आपला दुसरा एक उपाय घेऊन तिथे रुग्णसेवेला गेले आणि त्याच तापाने वारले. केवळ पैशासाठी लोकांना फसवणारा माणूस साथीच्या गावात जात नाही.

हेगार्थ यांचा धडा मात्र एकोणिसाव्या शतकाने मनावर घेतला नाही. व्होल्टाने १८०० मध्ये बॅटरी दिली, सलग वाहणारा करंट हाती आला. पॅरिसच्या सार्लांदिएर यांनी १८२५ मध्ये गाउट आणि ऱ्हुमॅटिझमसाठी कातडीत सुया टोचून त्यांतून करंट सोडण्याची पद्धत मांडली. ॲक्युपंक्चरच्या सुयांना वायर जोडण्याची आजची तऱ्हा तिथे सुरू झाली. १८३१ मध्ये फॅरेडेने बदलत्या चुंबकक्षेत्रातून वीज निर्माण केली आणि त्यावरून हाताने फिरवायच्या छोट्या पेट्या निघाल्या. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये १८३६ पासून गोल्डिंग बर्ड यांच्या हाताखाली विजेच्या उपचारांचा विभाग चालला. बर्ड शिस्तीचे डॉक्टर होते, पण रस्त्यावरच्या बाजाराला शिस्त नव्हती.

१८५० च्या आसपास पुल्व्हरमाखर यांची साखळी आली. लाकडाच्या छोट्या कांड्यांवर तांब्याची आणि जस्ताची तार गुंडाळलेली, अशा कितीतरी कांड्या एकमेकींत अडकवलेल्या. व्हिनेगरमध्ये बुडवून अंगावर बांधली की ती बॅटरीसारखी काम करी आणि कातडीला खरोखर चुणचुण लागे. ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीतल्या औषधविक्याच्या अंगावर फ्लोबेरने हीच साखळी चढवली आहे. चार्ल्स डिकन्स यांना शेवटच्या वर्षांत पायाच्या दुखण्याने हैराण केले होते. ९ जून १८७० ला ते वारले, त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांनी पुल्व्हरमाखरचा पट्टा मागवायचे ठरवले होते. त्यानंतर विजेचे पट्टे, ब्रश, कंबरबंद यांचा पूर आला. कित्येकांत वीज नावालाही नव्हती. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ‘इलेक्ट्रोपॅथिक’ पट्टे विकणारा हार्नेसचा मोठा व्यवसाय १८९३-९४ च्या सुमारास कोर्टकचेऱ्यांत बुडाला.

हा भाग मी घाईने सांगतो आहे, कारण त्यात नवे काही शिकायला नाही. पण त्याचा एक धागा आपल्या मनगटापर्यंत येतो. महाराष्ट्रात सांधेदुखीसाठी तांब्याचे कडे घालणारी माणसे घरोघरी आहेत, आणि ‘शरीरातली वीज समतोल राहते’ असे कारण हल्ली दुकानदार सांगतात. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या स्ट्युअर्ट रिचमंड यांनी याची नीट परीक्षा घेतली. २००९ मध्ये सांध्यांची झीज असलेल्या ४५ जणांनी आणि २०१३ मध्ये आमवाताच्या ७० रुग्णांनी तांब्याची कडी, चुंबकी पट्टे आणि चुंबकत्व काढून टाकलेले पट्टे आळीपाळीने वापरले. वेदनेत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. आजीच्या हातातले कडे काढून घ्या असे मी म्हणणार नाही. पण आमवातात दिवस महत्त्वाचे असतात. योग्य औषधे लवकर मिळाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. कड्याच्या भरवशावर सहा महिने घालवले तर ते सांधे परत येत नाहीत.

पिवातींची कल्पना दीडशे वर्षांनी वेगळ्याच वाटेने खरी झाली. फ्रान्समधल्या नांतचे स्तेफान लदुक यांनी १९०० च्या सुमारास दोन सशांना एकाच करंटच्या साखळीत जोडले. एकाच्या कातडीवर, करंट जिथून आत शिरतो त्या धन टोकाशी, कुचल्यातल्या स्ट्रिक्नीनचे द्रावण; दुसऱ्याच्या कातडीवर, ऋण टोकाशी, सायनाइडचे. करंट सुरू होताच एक ससा आचके देऊन मेला, दुसरा सायनाइडने. टोके उलटी जोडली तेव्हा दोन्ही ससे सुखरूप राहिले. प्रयोग क्रूर होता, पण त्याने निर्विवाद सिद्ध केले की विद्युतभारित कण करंटच्या ढकलण्याने अखंड कातडीतून आत जातात, आणि कुठल्या टोकाखाली काय ठेवले यावर ते अवलंबून असते. सूज-वेदना कमी करणाऱ्या सॅलिसिलेटचे द्रावण सांध्यावर ठेवून ऋण टोकाने आत ढकलायचा उपचार त्यातूनच रूढ झाला. काचेतून काही जात नव्हते. कातडीतून जात होते.

त्याच सुमारास दुसरी वाट उघडली. पॅरिसचे दार्सोनव्हाल यांनी पाहिले, की करंटची दिशा सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा बदलली तर स्नायू आकसत नाहीत, धक्का बसत नाही, फक्त ऊब येते. बर्लिनच्या नागेलश्मिट यांनी १९०७ मध्ये या आतल्या उबेला डायथर्मी हे नाव दिले. गरम पाण्याची पिशवी कातडीच शेकते. डायथर्मीची ऊब आत खोलवर निर्माण होते. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टच्या खोलीत दोन पॅड लावून ‘शेक’ देतात ती शॉर्टवेव्ह डायथर्मी याच घराण्यातली. म्हणूनच शरीरात पेसमेकर असेल तर ती घेऊ नये आणि सांध्यात प्लेट-स्क्रू बसवले असतील तर आधी सांगावे; धातूभोवती उष्णता साचून आतून भाजू शकते.

मग त्या रोमन माशाचे काय? बधिरपणाचे कोडे सुटले १९६५ मध्ये. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले, की वेदनेचा निरोप मज्जारज्जूत शिरताना एका दारातून जातो. स्पर्श आणि कंप वाहून नेणारे जाड चेतातंतू चालू झाले की ते दार लोटले जाते आणि बारीक तंतूंवरून येणारी वेदना अडते. कोपर आपटले की आपण ते नकळत चोळतो, तेव्हा हेच घडते. १९६७ मध्ये वॉल आणि विल्यम स्वीट यांनी जाड तंतूंनाच करंट देऊन पाहिले, आधी स्वतःवर आणि मग चिवट वेदनेच्या रुग्णांवर. त्यातून कातडीवरून चेतांना करंट देणारी ‘टेन्स’ची छोटी यंत्रे आली. तपशिलात त्या सिद्धांतात पुढे बरेच बदल झाले, पण गाभा टिकला. टॉर्पेडोच्या झटक्यांची माळ आणि टेन्सची स्पंदने एकाच तऱ्हेच्या तंतूंना जागे करतात.

आज आपल्याकडे गुडघा दुखणारा माणूस ‘करंट घेऊन आलो’ असे सहज म्हणतो. टेन्स असते, किंवा ‘आयएफटी’ असते, ज्यात सेकंदाला चार हजारांच्या घरातले, थोड्या फरकाचे दोन करंट आडवे-उभे सोडतात आणि आत त्यांच्या भेटीतून मंद स्पंदन तयार होते. बरे वाटते. तरीही मोठ्या प्रमाणावर तपासले तेव्हा चित्र धूसर निघाले. गुडघ्याच्या झिजेवर टेन्सचा उपयोग होतो असे ठामपणे म्हणता येत नाही, असे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००९ च्या कोक्रेन आढाव्यात आले. २०२२ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी झिजेच्या सांधेदुखीसाठी टेन्स, आयएफटी, डायथर्मी यांपैकी काहीच देऊ नये असे सांगितले. भर दिला तो मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामासारख्या गोष्टींवर आणि वजन कमी करण्यावर. मला यातून एवढेच दिसते, की कळ दबलेल्या त्या तासा-दोन तासांत कुणी उठून व्यायाम केला तर करंट सार्थकी लागतो. पॅड लावून पडून राहिल्याने कूर्चा भरून येत नाही, आणि आठवड्याला पाच वेळा ‘करंट’साठी पैसे मोजणाऱ्या कुटुंबाला हे आधी सांगायला हवे.

सांध्यांवरच्या विजेची गोष्ट आता सांध्यांपासून दूर, मानेत पोहोचली आहे. मेंदूतून पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही चेता शरीरातल्या सुजेला लगाम घालते, हे केव्हिन ट्रेसी यांच्या संशोधनातून पुढे आले. २०१६ मध्ये आमवाताच्या १७ रुग्णांवर या चेतेला करंट देऊन पाहिलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सूज वाढवणारे द्रव्य कमी झाले, काहींना आराम पडला. पुढे अमेरिकेत २४२ रुग्णांची मोठी चाचणी झाली. सगळ्यांच्या मानेत यंत्र बसवले, निम्म्यांचे चालू केले, निम्म्यांचे बंद ठेवले. कुणाचे चालू आहे हे रुग्णाला सांगितले नाही. बारा आठवड्यांनी ठरलेल्या मापावर सुधारलेले रुग्ण चालू यंत्राच्या गटात सुमारे ३५ टक्के होते, बंद यंत्राच्या गटात सुमारे २४ टक्के. अकरा टक्क्यांच्या या फरकावर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी यंत्राला परवानगी दिली. बारा आठवडे संपल्यावर बंद ठेवलेली यंत्रेही चालू करण्यात आली.